अकरावा रकाना

डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून सुरू करा. काही होत नाही."

एवढ्या एका वाक्यावरून पुढचे सगळे झाले. दुसऱ्या कुणाला हे वाक्य ऐकवले असते तर त्याने 'बरं' म्हणून चिठ्ठी खिशात घातली असती, खालच्या दुकानातून गोळ्या घेतल्या असत्या आणि घर गाठले असते. पण डॉक्टरांच्या समोर बसले होते तपासनीस. चौतीस वर्षे त्यांनी सरकारतर्फे लिफ्ट तपासल्या होत्या. निवृत्त होऊन चौदा वर्षे झाली तरी बिल्डिंगमध्ये त्यांना तपासनीसच म्हणत. दारावर नावाची पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. चौतीस वर्षांत जेवढ्या लिफ्ट अडकल्या, घसरल्या किंवा दोन मजल्यांच्या मधे लोंबकळत राहिल्या, त्या प्रत्येकीच्या मालकाने आदल्या दिवशी हेच वाक्य म्हटले होते. काही होत नाही. माणसाच्या तोंडून निघणारे याच्याइतके घातकी वाक्य दुसरे नाही, असे तपासनिसांचे ठाम मत होते.

"काय काय होत नाही?" त्यांनी विचारले.

"म्हणजे?"

"म्हणजे काय काय होऊ शकतं, आणि त्यातलं नेमकं काय होत नाही? यादी असेलच ना तुमच्याकडे."

शेजारी बसलेल्या मुलीने पर्सचा पट्टा घट्ट धरला. वडिलांना इथवर आणायला तिला सहा महिने लागले होते. मधल्या काळात ते दोनदा पाव आणायला म्हणून बाहेर पडले आणि नुसतेच फिरून आले. एकदा तर शेजारच्या बिल्डिंगमध्ये शिरून दुसऱ्याच्या दाराला आपली किल्ली लावत अर्धा तास उभे होते, आणि कुलूप सदोष आहे असा लेखी शेरा त्या घरमालकाच्या हातात ठेवून परत आले होते. आजार विसरण्याचा होता. सुरुवात होती. गोळीने तो बरा होणार नव्हता, फक्त घसरण थोडी हळू होणार होती, असे डॉक्टरांनी सांगितले.

"म्हणजे ब्रेक," तपासनीस म्हणाले.

"अगदी बरोबर. ब्रेकच," डॉक्टर खूष होऊन म्हणाले. "आणि ब्रेक जितक्या लवकर लागेल तितका बरा. गेलेलं परत येत नाही."

"पण ब्रेक बसवण्याआधी दोर बघावा लागतो. कप्पी बघावी लागते."

डॉक्टरांनी खण उघडून एक कागद काढला. प्रतीची प्रत काढून काढून तो इतका फिकट झाला होता की अक्षरांपेक्षा डागच जास्त वाचता येत होते. वर लिहिले होते, 'औषध सुरू करण्यापूर्वी घ्यावयाची खबरदारी'. खाली अकरा रकाने आणि सहीची जागा.

"खाली सही करा. नुसती औपचारिकता आहे."

हे ऐकून तपासनिसांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. औपचारिकता! अकरा रकाने कोरे आणि खाली सही! त्यांच्या खात्यात असे करणाऱ्याला घरी पाठवत. त्यांनी कागदाची घडी केली, ती वरच्या खिशात ठेवली आणि उठले.

"भरून आणतो," ते म्हणाले. "तोवर गोळी सुरू होणार नाही."

जिन्यात मुलगी म्हणाली, "बाबा, शेवटचा रकाना तरी आत्ताच भरू या. माझं नाव लिहा."

अकरावा रकाना असा होता : 'औषध रोज देणारी व लक्ष ठेवणारी घरातील जबाबदार व्यक्ती. नाव व सही.'

"क्रमाने जायचं," तपासनीस म्हणाले. "अकरावा अकराव्या नंबरावर."

खरी गोष्ट अशी की त्या रकान्यावर नजर गेल्याबरोबर त्यांना एक गोष्ट आठवली होती, आणि ती आठवली याचाच त्यांना राग आला होता. खात्यातला पहिला नियम : जो लिफ्ट चालवतो त्याने ती पास करायची नाही. म्हणजे तिथे स्वतःची सही चालणार नव्हती. आणि ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या जिवावर सही केली, त्याच्यावर सही करायला आता ही कालची पोर? तिला सायकल चालवायला शिकवली त्यांनी. तेव्हाही ती हँडल सोडून द्यायची.

कागद फिकट होता म्हणून ते भिंगासाठी समोरच्या दारी गेले. ही पहिली चूक. समोर निवृत्त कवायत मास्तर राहत. मास्तरांनी तीस वर्षे मैदानावर आवाज दिलेला, त्यामुळे घरातही ते मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असेच बोलत. त्यांनी कागद हातात घेतला, भिंग लावले आणि जिन्याच्या तोंडाशी उजेड बरा म्हणून तिथे उभे राहिले.

"चौथा रकाना!" मास्तर गरजले. "लघवीला! अडचण! होते का!"

"मास्तर, हळू."

"हळू होते?"

"तुम्ही हळू बोला!"

वरून तिसऱ्या मजल्यावरच्या बाई ओणवल्या. "अहो, आमच्या यांनाही तसंच होतं. भरपूर पाणी प्या म्हणावं."

"पाचवा रकाना! झटके! फीट!"

अर्ध्या तासात सगळ्या बिल्डिंगला तपासनिसांच्या पोटाची, छातीची, दम्याची आणि मूत्राशयाची खडान्खडा माहिती झाली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जण त्यांना जिन्यात अडवून परीक्षा घेऊ लागला. बाई अक्रोड घेऊन आल्या आणि 'मी कोण सांगा बरं?' असे विचारून हसत उभ्या राहिल्या. "अक्रोड देणाऱ्या बाई," तपासनीस म्हणाले आणि दार लावून घेतले. खाली पहारेकरी म्हणाला, "काका, आज वार कोणता?"

"बुधवार. आणि तुझ्या खोलीतलं आग विझवायचं नळकांडं तीन वर्षं रिकामं आहे. वार मला माहीत आहे. ते तुला माहीत होतं का?"

पहारेकऱ्याने त्या दिवसापासून त्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळा वहीत लिहायला सुरुवात केली. मुलीने सांगितले होते म्हणे. तपासनिसांनी वही मागून तपासली. दोन नोंदींत वेळ चुकली होती. त्यांनी लाल पेनने दुरुस्त केली.

दुसरा रकाना हृदयाचा होता. हे औषध नाडी मंद करू शकते, म्हणून छातीचा आलेख काढून आणावा. तपासनीस मुलीला न कळवता एकटेच इस्पितळात गेले. आलेखाचा कक्ष चौथ्या मजल्यावर, डॉक्टरांच्या शेजारीच होता. ते लिफ्टमध्ये शिरले आणि सवयीने त्यांची नजर प्रमाणपत्रावर गेली. प्रमाणपत्र नव्हते. 'स्वच्छता राखा' अशी पाटी होती. त्यांनी पाटी उचलली. तिच्यामागे प्रमाणपत्र होते आणि त्याची मुदत संपून दोन वर्षे दोन महिने झाले होते.

"हे काय?" त्यांनी लिफ्टवाल्याला विचारले.

"काका, रोज दोनशे माणसं वर नेतो. काही होत नाही."

तपासनीस बाहेर आले. तिथल्याच बाकावर बसून त्यांनी आपल्या जुन्या खात्याला तक्रार लिहिली, सुवाच्य अक्षरात, तीन परिच्छेद, आणि मग चार मजले पायी चढून गेले.

आलेखाच्या खिडकीतल्या बाईंनी कागद बघितला. "अकरावा रकाना रिकामा आहे. अर्धवट कागद घेत नाही आम्ही."

"अहो, दुसरा रकाना भरायलाच तर आलोय! तो भरल्याशिवाय अकरावा कसा येईल?"

"अकरावा भरल्याशिवाय दुसरा होत नाही. तुमच्यासोबत कोण आलंय?"

"कोणी नाही."

"काही तरी लिहावंच लागेल." बाईंनी जरा विचार केला आणि आपल्या वहीत लिहिले, 'सोबत : स्वतः.'

चौतीस वर्षांच्या नोकरीत इतका निर्लज्ज शेरा तपासनिसांनी पाहिला नव्हता. पण त्यांच्या मागे वीस माणसांची रांग होती आणि त्यातले दोघे खोकत होते. ते आत गेले.

आलेख काढणारी मुलगी चिमटे लावत म्हणाली, "आजोबा, नाडी एकशे दोन आहे. घाबरलात का?"

"चार मजले चढून आलोय. आणि मी तुमचा आजोबा नाही."

"लिफ्ट आहे ना."

"आहे. तीच तर तक्रार आहे."

वीस मिनिटे बसवून पुन्हा आलेख काढला. नाडी साठ. ठीक. खाली उतरताना त्यांना जरा गरगरल्यासारखे झाले, म्हणून कठडा धरून ते थांबले. घरी सगळे ऐकून मुलीने विचारले, "जिना चढून गेलात? चक्कर बिक्कर नाही ना आली?"

"काही होत नाही मला," तपासनीस म्हणाले आणि दुसऱ्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिले : 'नाडी ६०. समाधानकारक.'

तिसऱ्या रकान्यासाठी घरातली सगळी औषधे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायची होती. काही साधी औषधेसुद्धा, म्हणजे सर्दीची, झोपेची, या गोळीच्या उलट काम करतात. तपासनिसांनी 'सगळी' हा शब्द सरकारी अर्थाने घेतला. दोन पिशव्या भरल्या. डोळ्यांचे थेंब, खोकल्याची बाटली, पायाचे मलम, मास्तरांनी विसरलेली जुलाबाची पुडी. डॉक्टर एकेक काढून बाजूला ठेवत होते. "हे बंद. हे चालेल. याची तारीख कधीच गेली." मग त्यांच्या हातात गुलाबी गोळ्यांचे एक पाकीट आले. सात गोळ्या शिल्लक होत्या.

"या कुणाच्या?"

तपासनीस पिशवीची गाठ सोडवत राहिले.

"आईच्या," मुलगी म्हणाली.

डॉक्टरांनी पाकीट टोपलीकडे नेले, मग तसेच परत आणून टेबलावर ठेवले. तपासनिसांनी ते उचलून वरच्या खिशात टाकले आणि रागाने म्हणाले, "चौथ्या रकान्याचं काय?"

चौथा झाला. पाचवा, सहावा झाला. आठ, नऊ, दहाही झाले. दात काढायचा असेल किंवा भूल द्यायची असेल तर आधी या औषधाबद्दल सांगायचे, गाडी चालवायची नाही, वजन दर महिन्याला बघायचे. वजनासाठी मास्तरांच्या काट्यावर तपासनीस उभे राहिले, तर काटा तीन किलो जास्त दाखवत होता. तो नीट करण्यात दोन दिवस गेले आणि मास्तरीणबाई दोन महिन्यांपासून उगाचच एकवेळ जेवत होत्या असे निष्पन्न झाले. त्यावरून समोरच्या घरात जे झाले ते इथे सांगण्यासारखे नाही.

घोडे अडले सातव्या रकान्यावर. 'पूर्वी कोणत्याही औषधाने चक्कर, बेशुद्धी, नाडी मंद होणे असा त्रास झाला आहे का? असल्यास औषधाचे नाव.'

झाला होता. एवढे तपासनिसांना पक्के माहीत होते. आठ-नऊ वर्षांपूर्वी, रक्तदाबाची कसली तरी लहान पांढरी गोळी. बायको जाम चिडली होती आणि दुसऱ्या दिवशी गोळी बदलून आली होती. पण नाव? त्यांनी दोन दिवस आठवून पाहिले. आणि मग त्यांच्या संतापाला सीमा राहिली नाही. विसरण्याचे औषध देण्याआधी हे लोक विचारतात, आठवतंय का! बुडणाऱ्याला दोर टाकण्याआधी पोहण्याचा दाखला मागण्यातला प्रकार!

"तेव्हाचे डॉक्टर?" मुलीने विचारले.

"दवाखाना बंद करून मुलाकडे गेले. परदेशात."

"कागद?"

"तुझी आई कागद ठेवायची का कधी?"

ती कागद ठेवत नसे हे खरे होते, पण ती लिहून ठेवत असे हेही खरे होते. मोरीशेजारी जे छतापर्यंतचे फळ्यांचे कपाट होते, त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला. गॅस कधी लावला, पोरीला गोवर कधी आला, कोणाला काय चालत नाही, सगळे बॉलपेनने त्या दारावर. 'कागद हरवतो, दार कुठे जातंय?' असे तिचे म्हणणे. डॉक्टरांचा फोन आला की ती आधी कपाट उघडायची आणि मग बोलायची.

मुलगी स्वयंपाकघरात गेली. कपाट उघडले. दाराची आतली बाजू पांढरीशुभ्र होती, कोरी, तेलरंगाचे दोन हात दिलेली.

बायको जाऊन दीड महिना झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघर रंगवून घेतले होते.

"त्या रंगाऱ्याला मी सोडणार नाही," तपासनीस म्हणाले. "दाराच्या आतून रंग द्यायला कोणी सांगितलं होतं त्याला? कुठे लिहिलंय? बोलाव. आत्ताच्या आत्ता बोलाव!"

रंगारी येईपर्यंत मास्तर आले. त्यांच्याबरोबर पत्र्याची पट्टी होती आणि सल्लाही. "रंग म्हणजे काय? कातडं. कातडं सोललं की आतलं दिसतं. बाजूला व्हा!" बाईंनी वरून सांगितले की रॉकेल लावा. पहारेकऱ्याचे म्हणणे गरम इस्त्री फिरवा. मास्तरांनी दोन्ही सूचना फेटाळल्या आणि खरडायला सुरुवात केली. रंग निघाला. त्याखालचा जुना रंग निघाला. त्याखालचे लाकूडही थोडे निघाले. वरचा वीतभर भाग साफ झाला आणि तिथे काय लिहिले होते ते आता देवालाही कळणार नव्हते.

"थांबा! थांबा!" दारात रंगारी उभा होता. "हे कोणी केलं?"

मास्तरांनी पट्टी पाठीमागे नेली.

"ते मागाहून," तपासनीस पुढे सरसावले. "आधी हे सांग, आतून रंग का मारलास?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून, काका."

"मी?"

"मी म्हटलं होतं तुम्हाला. म्हटलं, आत बाईंच्या हातचं लिहिलेलं आहे, राहू द्या. तुम्ही तिकडे खिडकीकडे तोंड करून उभे होतात. म्हणालात, अर्धवट काम मला चालत नाही, मार. मी परत विचारलं. तर अंगावर आलात, मार म्हणून."

तपासनीस मुलीकडे बघायला लागले. ती जमिनीकडे बघत होती. त्यांना यातले काहीही आठवत नव्हते. हे आजारामुळे की त्या दिवसांमुळे, ते लिहायला कागदावर रकाना नव्हता.

ते म्हणाले, "मग माझी चूक."

बिल्डिंगमध्ये हे वाक्य पहिल्यांदाच ऐकले गेले होते. मास्तरसुद्धा कुजबुजल्यासारखे बोलले. "असू द्या हो. मी पण खरडलंच की."

रंगाऱ्याने दारावरून बोट फिरवले. "बाई दाबून लिहायच्या का?"

"दाबून?" मुलगी म्हणाली. "पाकिटावर पत्ता लिहिला तर आतल्या पत्रावर उमटायचा."

"मग आहे ते. कुठे गेलं नाही. खिडकी लावा. बॅटरी आहे का घरात?"

रंगाऱ्याची रीत अशी की भिंत नीट झाली का हे तो समोरून बघत नाही. भिंतीला बॅटरी टेकवून उजेड आडवा सोडतो. मग प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खाच सावलीने उठून दिसते. त्याने तसाच आडवा उजेड दारावर सोडला. आणि त्या कोऱ्या पांढऱ्या रंगात, ओळीमागून ओळ, बायकोचे अक्षर वर आले.

बाईंनी जिन्यातून विचारले, "काय झालं? दिसलं का?"

रंगाऱ्याने बॅटरी हळूहळू खाली सरकवली. गॅस. पंप दुरुस्ती. पोरीचे चष्म्याचे नंबर. मग, "ह्यांना ही गोळी नको," आणि पुढे नाव. स्पष्ट, खाली दोन रेघा ओढलेले. पुढे, "दोनदा चक्कर. नाडी ४४."

"सापडलं!" तपासनीस ओरडले. "बस! स्क्रू काढा!"

"कशाचे?"

"दाराचे! हे डॉक्टरांसमोर ठेवायचं."

"बाबा, नाव कागदावर लिहून घेऊ ना. नाही तर फोटो काढू."

फोटो काढला. फ्लॅश पडला आणि फोटोत नुसते पांढरे दार आले. आणि लिहून घेणे म्हणजे नक्कल. खात्यात नक्कल चालत नसे. मूळ प्रत हजर करावी लागे. रंगाऱ्याने मुकाट्याने स्क्रू काढले. मुलीच्या छोट्या गाडीत मागची सीट पाडून दार तिरपे बसले. मास्तर फाटकापर्यंत 'डावा, उजवा' करत आले.

इस्पितळात पोचल्यावर तपासनीस दाराचे एक टोक धरून लिफ्टपाशी गेले. लिफ्टला लाखेची मोहोर उठवलेले सील होते. वर सूचना : 'एका जागरूक नागरिकाच्या तक्रारीवरून ही लिफ्ट पुढील आदेशापर्यंत बंद करण्यात आली आहे.'

"जागरूक नागरिक," मुलगी म्हणाली.

"योग्य कारवाई आहे," तपासनीस म्हणाले. आयुष्यात त्यांच्या कुठल्याही तक्रारीवर इतक्या लवकर कारवाई झाली नव्हती. ती आड यायला आजचाच मुहूर्त सापडला होता.

चार मजले. पुढे मुलगी, मागे ते, मधे कपाटाचे दार. वरून उतरणारे लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. एकाने विचारले, "बदलायचं होतं का?" पहिल्या वळणावर दार अडकले. दुसऱ्यावर कठड्याचा रंग गेला. तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर भेटले. तेही धापा टाकत वर चाललेले, गेले आठ दिवस रोज तीनदा. त्यांनी तपासनिसांकडे पाहिले, दाराकडे पाहिले आणि मधला भाग उचलून धरला.

खोलीत दार टेबलावर आडवे ठेवले. मुलीने पडदा ओढला आणि बॅटरी आडवी धरली. डॉक्टर वाकले. आधी कपाळावर आठ्या होत्या. नाव वाचल्यावर त्या गेल्या आणि चेहरा गंभीर झाला.

"नाडी चव्वेचाळीस? अहो, हे आधी का नाही सांगितलंत? आलेखात साठ आहे म्हणून मी निश्चिंत होतो. आपली गोळीसुद्धा नाडी मंद करते."

"तेच तर," तपासनीस खुर्चीत ताठ बसले. पंधरा दिवसांत प्रथमच त्यांना बरे वाटत होते. "काही होत नाही म्हणालात तुम्ही. काही होत नाही! हे वाक्य कायद्याने बंद केलं पाहिजे."

"एक मिनिट. खाली अजून आहे," डॉक्टर म्हणाले. "बॅटरी जरा खाली घ्या. बिजागरीजवळ."

मुलीने बॅटरी सरकवली. डॉक्टर सावकाश, अक्षर लावत वाचू लागले.

"एकदा न्हाणीघरात पडले, एकदा जिन्यात. विचारलं की 'काही होत नाही' म्हणतात. हे डॉक्टरांना सांगणार नाहीत. आपण सांगायचं."

बाहेर कोणी तरी नंबर पुकारत होते. मुलीने बॅटरी दुसऱ्या हातात घेतली आणि अक्षरे क्षणभर रंगात बुडाली, पुन्हा वर आली.

डॉक्टर सरळ उभे राहिले. "छातीला चोवीस तासांचं यंत्र लावून बघू. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवू. ते हो म्हणाले तरच सुरू करायचं, आणि सुरू केलं तर कोणी तरी रोज नाडी बघायची. चक्कर आली की मला लगेच कळलं पाहिजे." ते थांबले. "त्या दिवशी आलेखाला आलात, तेव्हा काही झालं होतं?"

तपासनीस दाराकडे बघत होते. काय म्हणायचे ते त्यांच्या जिभेवर तयार होते. चाळीसेक वर्षांच्या सवयीने आपोआप आलेले. पण समोर, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात, बायको ते आधीच म्हणून बसली होती.

"उतरताना गरगरलं," ते म्हणाले. "कठडा धरून थांबलो होतो. हिला सांगितलं नाही."

मग त्यांनी वरच्या खिशातून कागद काढला. त्याच्याबरोबर गुलाबी गोळ्यांचे पाकीट आले, ते परत ठेवले. कागद उलगडून टेबलावर, दाराच्या कडेला ठेवला, सातवा रकाना भरला, दुसऱ्या रकान्यातले 'समाधानकारक' खोडले आणि पेन मुलीपुढे धरले.

"अकरावा," ते म्हणाले.

ती लगेच सही करायला वाकली.

"वाच आधी! न वाचता सही? हेच शिकवलं का मी तुला?"

तिने अकराही रकाने वाचले. दोन ठिकाणी डोळे पुसून पुन्हा वाचावे लागले, कागद फिकट होता म्हणून. मग सही केली. तपासनिसांनी सही तपासली, तारीख राहिली होती ती घालायला लावली.

डॉक्टर मुलीकडे बोट दाखवून म्हणाले, "पुढच्या वेळी दार आणू नका. ह्यांना आणा."

दार पुन्हा उचलून दोघे जिना उतरू लागले. आता ती मागे होती आणि ते पुढे. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिने विचारले, "बाबा, जड होतंय का? थांबायचं?"

"काही हो..." तपासनीस म्हणू लागले.

दोन पायऱ्या ते तसेच उतरले. मग त्यांनी आपले टोक खाली टेकवले.

"होतंय," ते म्हणाले. "दम लागलाय. थांबू जरा."